केळं दाखवणाऱ्यांना

१८ मार्च १९९०. पूर्व जर्मनीतल्या पहिल्या आणि शेवटच्या मुक्त संसदीय निवडणुकीचे निकाल येत होते. लोकांनी असं मतदान का केलं, हे पश्चिम जर्मनीतले सोशल डेमोक्रॅट नेते ओटो शिली यांना टीव्हीवर विचारलं गेलं, तर त्यांनी एक केळं काढून दाखवलं. पूर्वेत केळी सहसा मिळायची नाहीत. म्हणजे काय, तर या लोकांनी केळ्यासाठी मत दिलं!

मला या विनोदाची चीड आहे. निकाल मनासारखा लागला नाही की 'लोक विकले गेले' म्हणणारे आपल्याकडेही कमी नाहीत, म्हणून जरा जास्तच.

जिंकली होती 'जर्मनीसाठी आघाडी'. मतदानाला सहा आठवडे उरले असताना, ५ फेब्रुवारीला, पश्चिमेचे चान्सलर हेल्मुट कोल यांनी ती पश्चिम बर्लिनमध्ये जुळवली. पूर्वेचा सीडीयू, नवा डीएसयू आणि आंदोलनातून आलेला आउफब्रुख, असे तीन पक्ष. मतदान ९३.४ टक्के झालं. आघाडीला ४८ टक्के मतं. जिंकणार म्हणून गाजलेल्या एसपीडीला २१.९. आणि ज्यांनी आदल्या शरद ऋतूत सत्तेला आव्हान दिलं, त्या चळवळींच्या 'ब्युंडनिस ९०'ला फक्त २.९.

हे दुःखद आहेच. पण त्या जानेवारीत दिवसाला सुमारे दोन हजार माणसं देश सोडून पश्चिमेत जात होती. शेजारी गेला, दवाखान्यातला डॉक्टर गेला, बँकेतली बचत अशा चलनात की सीमेपलीकडे त्याला कोणी विचारत नाही. कोल सांगत होते, डॉइचमार्क लवकरच येईल, छोट्या बचतीला एकास एक भाव मिळेल. यावर मत देणं हा साधा घरगुती हिशेब होता. चळवळवाले म्हणत होते, थांबा, याच देशाला आपण सुधारू. त्यांच्या धैर्याबद्दल मला आदर आहे. पण चाळीस वर्षं एका प्रयोगात काढलेल्या माणसाला दुसऱ्या प्रयोगासाठी थांबायला सांगायचं, ते कोणत्या तोंडाने?

राग धरायचा तर आघाडी बांधणाऱ्यांवर धरा. पूर्वेचा सीडीयू चार दशकं कम्युनिस्टांच्या मांडीला मांडी लावून संसदेत बसला होता. (१९७२मध्ये गर्भपाताच्या कायद्याला त्याच्या १४ सदस्यांनी विरोध केला, तेवढाच काय तो अपवाद.) डिसेंबर १९८९च्या अधिवेशनात त्याने आपल्या सहभागाची कबुली दिली, अध्यक्षही नवा होता. तरी कोल आधी बिचकत होते. पण कार्यालयं, वर्तमानपत्रं, गावोगावचे सदस्य त्याच पक्षाकडे होते. मग त्याच्या शेजारी दोन कोरी नावं उभी केली. आपल्याकडे याला वॉशिंग मशीन म्हणतात.

त्यातलं एक नावही कोरं निघालं नाही. आउफब्रुखचे नेते वोल्फगांग श्नुर हे स्टाझीचे खबरी असल्याचं उघड झालं आणि मतदानाच्या चार दिवस आधी त्यांना राजीनामा द्यावा लागला. मतपत्रिकेवर तिन्ही पक्ष वेगवेगळेच होते. आउफब्रुखला ०.९ टक्के मिळाले आणि ऑगस्टमध्ये तो सीडीयूत विरघळला. त्याच्या प्रवक्त्या अँगेला मर्केल पुढे कुठे पोचल्या, ते तुम्हाला माहीत आहे. ऑक्टोबरच्या सुरुवातीला पूर्वेचा सीडीयू पश्चिमेच्या सीडीयूत गेला. काम झालं, आघाडी संपली.

पश्चिमेच्या वक्त्यांनी प्रचारात उतरू नये, असं पूर्वेच्या 'गोलमेज परिषदे'ने ठरवलं होतं. कोल यांनी तरीही सभा घेतल्या. (एसपीडीनेही विली ब्रांट यांना आणलंच.) इतक्या घाईने चलन एक करणं पश्चिमेच्याच मध्यवर्ती बँकेचे अध्यक्ष कार्ल ओटो प्योल यांना पसंत नव्हतं. १ जुलैला मार्क आला. कारखान्यांना पगार मार्कात द्यावे लागले, पूर्व युरोपातल्या गिऱ्हाइकांना तो माल परवडेना, आणि एकेक दार बंद होत गेलं. प्योल यांना कशाची धास्ती होती, ते व्यासपीठावरून का सांगितलं नाही, हा प्रश्न कोल यांना विचारायचा होता. शिली त्या रात्री केळं सोलत बसले.