लग्नाचा घोळ, खोलीचा प्रश्न

दोन पुरुष साडी नेसतात आणि आपल्याच मित्रांच्या बायका म्हणून एका वृद्धेच्या घरात राहू लागतात. सचिन पिळगावकर दिग्दर्शित ‘अशी ही बनवाबनवी’चे (१९८८) हे कथासूत्र महाराष्ट्राला तोंडपाठ आहे. निव्वळ फार्स म्हणून इतिहासाच्या अभ्यासकाने ते बाजूला सारू नये. खोट्या नवराबायकोचा हा घोळ प्रेमातून वा संशयातून जन्मत नाही. तो घरमालकिणीच्या अटीतून जन्मतो. जागा मिळेल ती विवाहित जोडप्यांनाच.

या अटीमागे मोठा इतिहास आहे. १९४७ साली मुंबई प्रांतात भाडेनियंत्रण कायदा झाला. १ सप्टेंबर १९४० रोजीचे भाडे त्याने प्रमाण धरले आणि भाडेकरूला सहजासहजी बाहेर काढण्याची वाट बंद केली. हेतू रक्षणाचा होता. पण भाडी गोठली, तसे भाड्यासाठी घरे बांधणे आतबट्ट्याचे ठरू लागले. एकदा आत आलेला भाडेकरू कायमचाच राहणार असेल, तर दार उघडण्यापूर्वी मालक त्याची पारख करणारच. सड्याफटिंग माणसाविषयी समाजाला जुना संशय होताच. कायद्याने त्याला हिशेबाची जोड दिली.

‘बनवाबनवी’ ज्यावरून बेतला, त्या हृषिकेश मुखर्जींच्या १९६६ च्या चित्रपटाचे नावच ‘बीवी और मकान’. राजा ठाकुरांच्या ‘मुंबईचा जावई’मध्ये (१९७०) याच दुखण्याची दुसरी बाजू दिसते : लग्न खरे, पण नवदांपत्याला एकांत नाही. बासू चटर्जींनी त्यावरूनच १९७२ साली ‘पिया का घर’ केला. बेताच्या खर्चाला असे विषय सोयीचेही होते. एक घर, चार साड्या, दोन टोप एवढ्यावर गोंधळ उभा राहतो. जागेची टंचाई हाच विषय असल्यावर भव्य सेट हवा कशाला?

तरीही या हास्यात एक भित्रेपणा आहे. सोंग उघडे पडते, क्षमाही मिळते. अट अन्यायाची होती, असे मात्र कोणी म्हणत नाही. साडी नेसून पुरुषांना खोली मिळाली, तीही कोणाची तरी बायको म्हणून. खरोखरीची एकटी स्त्री त्या दारात उभी राहिली असती तर? पटकथेला हा प्रश्न सुचतच नाही.

१९४७ च्या कायद्याची जागा ३१ मार्च २००० पासून नव्या कायद्याने घेतली. पुण्यामुंबईत खोली शोधणाऱ्या तरुणतरुणींना दलाल आजही पहिला प्रश्न विचारतो, ‘फॅमिली आहे का?’