वीज पडल्यावर चार लाख, पण त्याआधी काय?



वैशाखात आपल्या बालाघाट जिल्ह्यात एकीकडे लग्नाचे मांडव उभे राहतात, दुसरीकडे जंगलात तेंदूपत्त्याची तोडणी आणि बांध्यांत उन्हाळी धानाची कापणी चालते. नेमकी याच दिवसांत दुपार कलली की आंधी उठते, विजा कडाडतात. 2022 साली देशात वीज पडून 2,887 माणसे दगावली. त्यांत सर्वांत जास्त आपल्या मध्य प्रदेशातील होती.

मृताच्या वारसाला शासन राजस्व पुस्तक परिपत्रक 6-4 प्रमाणे 4 लाख रुपये देते. ते मिळालेच पाहिजेत. ज्या घरात कागद समजणारा कोणी नाही, त्या घरासोबत आपण तहसीलीत गेले पाहिजे. पण पैशाने माणूस परत येत नाही. आमचा प्रश्न त्याआधीच्या अर्ध्या तासाचा आहे.

आपल्यातील कित्येक घराणी इथे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. वारासिवनी, कटंगी, लांजीकडे अनेकांची शेती आहे. आंधी आली की आपण पक्क्या घरात असतो, बांधीत मजूर असतो. रोजी कापली जाईल या भीतीने तो काम सोडत नाही. फार तर मोहाच्या झाडाखाली उभा राहतो, आणि तीच जागा घातक ठरते. म्हणून आमचे स्पष्ट मत आहे की, गडगडाट ऐकू येताच काम थांबवायला मालकानेच सांगावे आणि त्या दिवसाची रोजी पूर्ण द्यावी.

आसरा पक्क्या घराचा किंवा बंद मोटारीचा घ्यावा. शेतातली झोपडी आणि लग्नाचा मांडव वाचवत नाहीत. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. वीज लागलेल्या माणसाला हात लावल्याने धक्का बसत नाही. त्याला शेणात पुरण्यात वेळ घालवू नये. श्वास बंद असेल तर लगेच छातीवर जोरजोराने दाब द्यावा आणि 108 ला फोन करावा.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ अ‍ॅप आसपासच्या विजेची सूचना देते. ती सूचना मोबाइल नसलेल्या मजुरापर्यंत मंदिराच्या भोंग्यावरून पोहोचवता येईल. शाळा आणि पंचायत भवनावर तडितरक्षक बसवा, अशी मागणी येत्या ग्रामसभेत आपणच मांडू या. मात्र शासनाकडे बोट दाखवण्याआधी आपल्या बांधीतले काम आपण वेळेवर थांबवले पाहिजे. त्यासाठी कोणाच्या मंजुरीची गरज नाही.