सल्ला मालकाचा, भवितव्य उमेदवाराचे

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचे दुखणे काय, याविषयी राजधानीत फारसे मतभेद नाहीत. यंत्रे जुनी, अभ्यासक्रम मागासलेला, निदेशकांच्या जागा रिकाम्या आणि प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडलेल्या मुलाला कारखान्यात पुन्हा पहिल्यापासून शिकवण्याची वेळ, ही तक्रार वर्षानुवर्षे ऐकू येते. उपायाबाबतही तेवढेच एकमत आहे : उद्योगांना विचारा. केंद्रीय मंत्रिमंडळाने ७ मे २०२५ रोजी मंजूर केलेली आणि पुढे ‘पीएम-सेतू’ या नावाने सुरू झालेली योजना या एकमताचेच अपत्य आहे. एक हजार सरकारी आयटीआय, पाच वर्षे आणि ६० हजार कोटी रुपये असा तिचा आवाका. त्यांपैकी ३० हजार कोटी केंद्राचे, २० हजार कोटी राज्यांचे आणि १० हजार कोटी उद्योगांचे. संस्था चालविण्याचे नेतृत्वही उद्योगांकडेच राहावे, अशी तिची रचना आहे.

कल्पना चांगली आहे. पण नवी नाही. कोणते कौशल्य शिकवावे हे मालकाला विचारून ठरवण्याचा प्रयोग या देशात याआधी मोठ्या प्रमाणावर दोनदा झाला. त्या दोन्ही वेळा काय अडले, याचा हिशेब मांडल्याशिवाय तिसरा डाव मांडणे शहाणपणाचे ठरणार नाही.

पहिला प्रयोग २००७-०८ चा. १३९६ सरकारी आयटीआयसाठी संस्था व्यवस्थापन समित्या नेमण्यात आल्या. अध्यक्षपद उद्योग भागीदाराकडे, त्याने सुचविलेले चार स्थानिक उद्योजक, राज्य सरकारचे पाच सदस्य आणि प्राचार्य हे सदस्य-सचिव. प्रत्येक समितीला अडीच कोटी रुपयांपर्यंत बिनव्याजी कर्ज आणि २० टक्क्यांपर्यंत प्रवेश ठरवण्याचा अधिकार देण्यात आला. कागदावर हे मोठेच सत्तांतर होते. प्रत्यक्षात संस्थेची मालकी, शुल्क आणि उरलेले प्रवेश राज्याच्याच हाती राहिले. निदेशक नेमणे वा प्राचार्याची बदली रोखणे समितीच्या आवाक्याबाहेरचे होते. त्यात पैसा कर्जाऊ. तो परत करायचा आहे या जाणिवेने अनेक ठिकाणी यंत्रे येण्याऐवजी रक्कम बँकेतील मुदतठेवीत विसावली. अध्यक्ष उद्योगपती बैठकीला स्वतः येण्याऐवजी प्रतिनिधी पाठवू लागला की बाकीचे काम इतिवृत्तापुरते उरते, हे सरकारी कचेऱ्यांत आयुष्य काढलेल्यांना वेगळे सांगावयास नको.

दुसरा प्रयोग क्षेत्रनिहाय कौशल्य परिषदांचा. २००८ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय कौशल्य विकास महामंडळाच्या छत्राखाली वाहन उद्योगापासून सौंदर्यप्रसाधनापर्यंत प्रत्येक क्षेत्राची परिषद उभी राहिली. क्षेत्राला किती आणि कसे मनुष्यबळ लागेल ते सांगावे, कामाचे निकष ठरवावेत, ही तिची जबाबदारी. परंतु निकष लिहिणारी, मूल्यमापन करविणारी आणि प्रमाणपत्र देणारी संस्था एकच झाली. प्रशिक्षण संस्थेला उमेदवार हवे, परिषदेला प्रमाणपत्रांची संख्या हवी आणि सरकारला उद्दिष्टपूर्ती हवी, अशी ही सोयीची त्रिवेणी होती. तीत नापास होण्याचे प्रयोजन कोणालाच उरले नाही. शारदा प्रसाद समितीने २०१६ मध्ये नेमके याच हितसंबंधांवर बोट ठेवले आणि परिषदांची संख्या कमी करून त्या राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरणानुसार बांधाव्यात, असे सुचविले. पुढे नियमनासाठी राष्ट्रीय व्यावसायिक शिक्षण व प्रशिक्षण परिषद वेगळी झाली आणि २०२० मध्ये ती कामाला लागली. ही सुधारणा योग्यच. पण मूळ प्रश्न त्याहून खोल आहे.

तो असा, की सल्ला देण्याला मालकाचे काही मोल पडत नाही. वेल्डर हवेत असे परिषदेत सांगणाऱ्यावर एकही वेल्डर घेण्याचे बंधन नसते. मागणीचा अंदाज चुकला तर तोटा कंपनीच्या ताळेबंदात दिसत नाही. तो एखाद्या मुलाच्या वाया गेलेल्या दोन वर्षांत दिसतो. शिवाय मालक म्हणजे तरी कोण? परिषदेच्या खुर्चीवर बड्या कंपनीचा मनुष्यबळ अधिकारी बसतो. आयटीआयच्या मुलाला पहिली नोकरी मात्र बहुधा भोसरी, वाळूज, ओखला किंवा फरिदाबादच्या गाळ्यात मिळते. त्या गाळ्याच्या मालकाला बैठकीसाठी दिवस मोडणे परवडत नाही आणि त्याला कोणी बोलावतही नाही. बड्या कंपनीला आपल्या एका यंत्रापुरता तयार हात हवा असतो. मुलाला मात्र ते यंत्र भंगारात गेल्यावरही पोट भरता येईल असा हात हवा असतो. या दोन गरजा प्रत्येक वेळी जुळतीलच असे नाही, आणि न जुळल्यास मुलाच्या बाजूने बोलणारे तेथे कोणी नसते.

जर्मनीचा दाखला आपल्याकडे हिरिरीने दिला जातो. तो पूर्ण द्यावयास हवा. तेथील १९६९ च्या कायद्यानुसार चेंबरच्या प्रशिक्षण समितीत मालकांचे सहा, कामगारांचे सहा आणि व्यावसायिक शाळांतील शिक्षकांचे सहा प्रतिनिधी बसतात. शिक्षकांचा आवाज प्रामुख्याने सल्ल्याचा असतो. परंतु मालक आणि कामगार समान संख्येने समोरासमोर असतात. शिवाय सल्ला देणारा मालक स्वतःच्या खर्चाने उमेदवार घेतो. आपण त्या व्यवस्थेतील मालकाची खुर्ची तेवढी उचलून आणली. समोरची खुर्ची आणि खर्चाची वही तिथेच राहिली.

वस्तुतः बंधनाची चौकट आपल्याकडेही आहे. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ चा. २०१९ च्या सुधारित नियमांनुसार ३० वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने अडीच ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. मग सल्लागार समितीवरील जागेची पहिली अट हीच का असू नये? ज्या कंपनीने या प्रमाणात उमेदवार घेतले नाहीत, तिला अभ्यासक्रमाविषयी मत देण्याचा नैतिक अधिकार कोणता? दुसरे, समितीत लघुउद्योगांना, कामगार संघटनांना आणि माजी प्रशिक्षणार्थींना राखीव जागा द्याव्यात. तिसरे, प्रत्येक संस्थेने प्रमाणपत्रांची संख्या सांगण्याऐवजी वर्षभरानंतर किती मुले त्याच व्यवसायात टिकली आणि त्यांना काय वेतन मिळते, ते दरवर्षी जाहीर करावे. आणि राज्यांनी आपला वाटा देताना रिकाम्या निदेशकांच्या जागाही भराव्यात. शिकविणाराच नसेल तर उत्तम सल्लाही फळ्यापर्यंत पोहोचत नाही.

उद्योगांवर अविश्वास दाखविण्याचे कारण नाही. उद्याचे यंत्र कोणते, हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते, आणि सरकारी खात्यांनी त्यांना दशकानुदशके दाराबाहेर ठेवले हेही खरे. परंतु दार उघडणे म्हणजे घर सोपवणे नव्हे. ६० हजार कोटींपैकी ५० हजार कोटी करदात्याचे आहेत आणि पणाला लागणारी उमेदीची वर्षे तर सर्वस्वी त्या मुलांचीच आहेत. ज्यांचे सर्वाधिक पणाला लागते त्यांनाच बैठकीत जागा नसेल, तर या तिसऱ्या प्रयोगाचे इतिवृत्तही पहिल्या दोहोंसारखेच लिहिले जाईल.