क्लिओपात्राचे वॅक्स आणि परळचा पाक

१/ साखर, पाणी आणि लिंबू एकत्र शिजवून केस काढण्याचे जे चिकट द्रव्य तयार होते, त्याच्या जाहिरातीत एक वाक्य वारंवार आढळते: ही क्लिओपात्राची प्राचीन इजिप्शियन युक्ती आहे. वाक्य आकर्षक आहे. खरे मात्र नाही. ते खरे का नाही, हे शोधू लागल्यावर जो इतिहास हाती लागतो, तो त्या राणीच्या सौंदर्यकथेहून कितीतरी समृद्ध आहे. त्याचा एक धागा थेट परळच्या चाळीतील स्टोव्हपर्यंत येतो.

२/ पहिली अडचण अगदी साधी आहे. क्लिओपात्राचा मृत्यू इ.स.पू. ३० मध्ये झाला. तिच्या काळी इजिप्तमध्ये ऊस पिकत नव्हता. गोडव्यासाठी तेथे मध, खजूर, अंजीर आणि द्राक्षे होती. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील डायोस्कोरिडीस आणि प्लिनी या लेखकांना साखर ठाऊक होती, पण दूरदेशाहून येणारे औषध म्हणून. वैद्य जे द्रव्य तोलून देत, ते पिंढऱ्यांना फासले जात होते असे म्हणायचे असेल, तर त्याला पुरावा हवा. जाहिरात तो कधीच देत नाही.

३/ याचा अर्थ प्राचीन इजिप्शियन लोक अंगावरचे केस काढत नव्हते, असा नव्हे. तेथील थडग्यांत तांब्याचे व कांस्याचे वस्तरे आणि चिमटे सापडले आहेत. तेथील पुजारी एक दिवसाआड सर्वांगाचे केस काढतात, असे हिरोडोटसने लिहून ठेवले आहे. केशरहित त्वचेची आवड तेथे जुनी आहे आणि साखरेचे वॅक्स हीसुद्धा इजिप्तची खरीखुरी परंपरा आहे. मात्र या दोन गोष्टींमध्ये अनेक शतकांची दरी आहे. जाहिरातीने त्या दरीवर राणीच्या नावाचा पूल टाकून दिला.

४/ मग साखर आली कोठून? कौटिल्याच्या अर्थशास्त्रात फाणित, गूळ, मत्स्यण्डिका, खंड आणि शर्करा अशी उसाच्या रसाची उतरंडच दिली आहे: पातळ काकवीपासून स्फटिकापर्यंत. एवढे भेद करणाऱ्या समाजाला रस किती आटवला म्हणजे काय होते, याचे ज्ञान होते. संस्कृत ‘शर्करा’ फारसीत ‘शकर’ झाली, अरबीत ‘सुक्कर’ झाली आणि तेथून युरोपच्या भाषांत शिरली. ‘खंड’ शब्दाचे फारसी-अरबीत ‘कंद’ झाले. शब्दांचा प्रवास आणि कढईचा प्रवास एकाच वाटेने झाला.

५/ या वाटेवर कोकण किनाराही आहे. पहिल्या शतकात इजिप्तमधील एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी मार्गदर्शिकेत कल्याण आणि सोपारा यांची नावे येतात. भडोच आणि आरिआके या प्रदेशांतून आफ्रिकेच्या पूर्व टोकाकडील बंदरांत जाणाऱ्या मालाच्या यादीत तूप आणि तिळाच्या तेलाबरोबर ‘सक्खरी’ नावाचा वेतातला मधही आहे. आज जेथे मुंबई महानगर पसरले आहे, त्या पट्ट्याशी इजिप्तचे नाते कापड गिरण्यांहून अठराशे वर्षांनी जुने आहे.

६/ इजिप्तमध्ये ऊस रुजला तो सातव्या शतकातील अरब विजयानंतर, इराणमार्गे. पुढे फातिमी आणि मामलूक राजवटींत तो देश साखरेचे मोठे केंद्र बनला. कैरोच्या जुन्या सिनेगॉगमध्ये सापडलेल्या ‘गेनिझा’ कागदपत्रांत साखर शुद्ध करणारे कारागीर भेटतात आणि हिंदुस्थानाशी व्यापार करणारे सौदागरही. अकराव्या शतकात कैरो पाहणाऱ्या नासिर-इ-खुसरौ या फारसी प्रवाशाने राजवाड्यातील मेजवानीसाठी साखरेच्या केलेल्या शोभेच्या कामाचे वर्णन केले आहे. साखर विपुल झाली, तेव्हाच ती खाण्याखेरीज अन्य कामांसाठी मोकळी झाली.

७/ इजिप्तच्या बोलीत या वॅक्सला ‘हलावा’ म्हणतात, आणि तिळाच्या गोड मिठाईलाही हाच शब्द आहे. अरबीत ‘हुलू’ म्हणजे गोड. त्याच कुळातील ‘हलवा’ मराठीत आला आणि येथे त्याचा वेगळाच अर्थ पक्का झाला. संक्रांतीला नववधूच्या काळ्या साडीवर जे पांढरेशुभ्र दागिने चढतात, बोरन्हाणाला बाळाच्या अंगावर जे घालतात, तो काटेरी हलवा. एका शब्दाने एका देशात अंगावरचे केस उतरवले, दुसऱ्या देशात अंगावर दागिने चढवले.

८/ साम्य शब्दापुरते नाही. पैगंबर जयंतीच्या, म्हणजे मौलिदच्या दिवसांत इजिप्तचे बाजार साखरेच्या वड्यांनी भरतात: तिळाची ‘सिमसिमिय्या’, हरभऱ्याची ‘हुम्मुसिय्या’, शेंगदाण्याची ‘फूलिय्या’. मराठी माणूस त्यांना एका क्षणात ओळखेल: तिळाची वडी, डाळ्यांची चिक्की, शेंगदाण्याची चिक्की. तेथे लाकडी साच्यांत पाक ओतून मौलिदची बाहुली आणि घोडेस्वार करतात. महाराष्ट्रात लाकडी साच्यांत दोरा ठेवून, वर पाक ओतून साखरगाठी करतात आणि पाडव्याला त्या गुढीवर झुलतात.

९/ येथे तरुण अभ्यासकाने सावध व्हावे. साम्य म्हणजे उसनवारी सिद्ध झाली, असे नाही. तीळ आणि पाक जेथे भेटतील, तेथे वडी होणारच. तरीही देवाणघेवाण दोन्ही दिशांनी झाली, याची साक्ष भाषाच देते. खडीसाखरेला हिंदीत ‘मिसरी’ म्हणतात. मिस्र म्हणजे इजिप्त. ज्या भूमीने जगाला ‘शर्करा’ शब्द दिला, तिनेच साखरेच्या एका रूपाला इजिप्तचे नाव दिले. दुसऱ्या एका रूपाला चीनचे: ‘चीनी’. अशा शब्दांपुढे ‘सर्वप्रथम कोणी’ हा प्रश्नच लहान वाटू लागतो.

१०/ आता कढईपाशी यावे, कारण खरा पुरावा तेथे आहे. पाक आटत जातो तसे त्याचे तापमान चढते. साधारण १०५ अंशांच्या आसपास बोटांमध्ये एक तार सुटते. ११५ अंशांच्या सुमारास पाण्याच्या वाटीत टाकलेल्या थेंबाची मऊ गोळी होते. १२० अंशांजवळ ती घट्ट होते. दीडशेकडे जाताना थेंब काचेसारखा कडक होतो; तो चिक्कीचा पाक. एकतारी, दोनतारी, गोळीबंद ही मराठी नावे म्हणजे तापमापकाशिवाय तापमान मोजण्याची पद्धत आहे. ती प्रयोगशाळेत नव्हे, स्वयंपाकघरात घडली.

११/ इजिप्शियन वॅक्स या मोजपट्टीवर गोळीबंद पाकाच्या थोडे पुढे येते. दोन वाट्या साखर, पाव वाटी लिंबाचा रस, पाव वाटी पाणी. मंद आचेवर मधाच्या रंगाचे होईपर्यंत. लिंबातील आम्ल साखरेचे काही रेणू तोडून त्यांचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करते. हे मिश्रण मग सहजी स्फटिक धरत नाही, लवचीक राहते. कोमट झाल्यावर (आधी नव्हे; पाकाचा चटका उकळत्या पाण्याहून वाईट) ते हातांनी ओढून ओढून मोतिया रंगाचे करतात. रेवडीचा पाक ओढणाऱ्या हलवायाचे हातही असेच चालतात.

१२/ संक्रांतीचा हलवा याच शास्त्राचे दुसरे टोक. तेथे स्फटिक टाळायचा नाही, उगवायचा असतो. मंद निखाऱ्यांवर परात, परातीत तीळ किंवा खसखस. वरून एकतारी पाक थेंबाथेंबाने टाकायचा आणि बोटांनी दाणे सतत फिरवत राहायचे. घाई केली तर गठ्ठा होतो, आच वाढली तर रंग जातो. काही दिवसांच्या धीराने दाण्यावर काटा फुटतो. बोटे भाजतात, ती वेगळीच. वॅक्स करणारी स्फटिकाला अडवते, हलवा करणारी त्याला बोलावते. दोघींना साखरेचा स्वभाव सारखाच ठाऊक असतो.

१३/ हे ज्ञान परळमध्ये कोणाच्या हातांत होते? सातारा, कोल्हापूर आणि कोकणातून गिरण्यांत आलेल्या कुटुंबांतील बायकांच्या. दहा बाय बाराच्या खोलीत, रॉकेलच्या स्टोव्हवर, त्यांच्या हाताखाली पाक ओळखला जात होता. विसाव्या शतकाच्या अखेरीस पार्लरचा खर्च न परवडणाऱ्या शहरी मुलींनी साखर-लिंबाचे वॅक्सही घरच्याच पातेल्यात केले, जुन्या सुती कापडाच्या पट्ट्या वापरून. त्या कढईला इतिहास आहे, असे तेव्हा त्यांना कोणी सांगितले नाही. आजही क्वचितच कोणी सांगते.

१४/ साखर ही या बायकांसाठी राजकीय वस्तूही होती. रेशनची साखर एका भावाने, खुल्या बाजारातील दुसऱ्या भावाने. १९७२ मध्ये मुंबईत महागाईविरोधी संयुक्त महिला समिती उभी राहिली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी यांच्यासारख्या वेगवेगळ्या पक्षांच्या नेत्या एकत्र आल्या आणि हजारो स्त्रिया लाटणी व थाळ्या घेऊन रस्त्यावर उतरल्या. पाक करणाऱ्या हातांतले लाटणे त्या दिवसांत मोर्च्याचे निशाण झाले.

१५/ १९७५ मध्ये गोवा मुक्तिसंग्रामात भाग घेतलेल्या प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. एकट्या राहणाऱ्या गिरणी कामगारांना डबा घालणाऱ्या खानावळवाल्या बायका त्याच्या मुळाशी होत्या. सावकाराच्या व्याजातून सुटण्यासाठी या बायकांना बँकेचे कर्ज मिळवून देणे, हे मंडळाचे पहिले मोठे काम. बँकेला तारण हवे होते. बायकांकडे तारण एकच होते: हाताची चव आणि महिनाअखेरचा शब्द. स्वयंपाक हे कौशल्य आहे, त्याला पत आहे, ही गोष्ट गिरणगावाने अशी कागदावर आणली.

१६/ १९८२ साली संक्रांत होऊन चार दिवस झाले होते. १८ जानेवारीला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. पुढील वर्षभरात आणि नंतरही घरे चालवली ती बायकांनी: भाजी विकून, धुणीभांडी करून, डबे आणि फराळ करून. संपाचा इतिहास तारखा, वाटाघाटी आणि नेते यांच्या नावांनी लिहिला जातो. चूल कशी पेटती राहिली, हे त्यात तळटीपेसारखे येते. वस्तुतः चूल विझली असती, तर संप एवढा काळ टिकलाच नसता.

१७/ म्हणून क्लिओपात्राची दंतकथा निरुपद्रवी नाही. ती एका सामूहिक, शतकानुशतके हातोहात आलेल्या कौशल्याला एका राणीचे नाव लावते आणि लाखो हात पुसून टाकते: फुस्तातच्या साखर कारागिराचे, कैरोच्या मोहल्ल्यातील बाईचे, परळच्या चाळीतील आजीचे. मग तीच साखर आणि तेच लिंबू ‘प्राचीन राजेशाही गुपित’ म्हणून चढ्या भावाने विकता येते. ज्यांना कृती मुखोद्गत होती, त्यांच्याच लेकीसुनांना ती बरणीत विकत मिळते. दंतकथेचे काम येथे नेमके हेच आहे.

१८/ याचे उत्तर ‘सगळे मूळचे आमचेच’ हे मात्र नव्हे. ती याच दंतकथेची दुसरी आवृत्ती. राणीच्या जागी राष्ट्र बसवलेली. शर्करा भारताची, विपुल साखर-उद्योग इजिप्तचा, हलवा शब्द अरबांचा, काटा मराठी परातीतला. कोणाचाही वाटा कमी न करता सर्वांचा मांडता येतो. इतिहासाची प्रामाणिक वाक्ये बहुधा अशीच लांब असतात. जाहिरातीची आखूड असतात. तरुण वाचकाने आखूड वाक्य दिसताच थोडे थांबावे.

१९/ कोणी म्हणेल, घरच्या कृतीला कागद नसतो आणि कागदाविना इतिहास कसला? मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातील माणसांच्या आठवणी ऐकून २००४ मध्ये इंग्रजीत जो ग्रंथ सिद्ध केला, तो याचे उत्तर आहे. बोललेला शब्दही साक्ष असतो. तो वेळेत ऐकला पाहिजे, पडताळला पाहिजे, इतकेच. गिरण्यांच्या जागी आता मॉल आणि मनोरे आहेत. चाळी पुनर्विकासात चालल्या आहेत. यंत्रे जुनी झाली तरी संग्रहालयात ठेवता येतात. बोटांना कळणारी एकतार ठेवता येत नाही.

२०/ परळ-लालबागच्या एखाद्या घरात येत्या संक्रांतीला परात निखाऱ्यांवर चढेल. तिच्याशेजारी बसणाऱ्या नातवाने वा नातीने मोबाइलचा ध्वनिमुद्रक सुरू करावा आणि विचारावे: पाक झाला हे कसे कळते, कोणी शिकवले, तेव्हा साखर काय भावाने होती, संपाच्या वर्षी हलवा झाला होता का? क्लिओपात्राला हे प्रश्न कोणी विचारू शकत नाही. आजीला अजून विचारता येतात.