दुबईची गिटार : नवी की जुनी?

दुबई, अबुधाबी, शारजा ही नावे आता आपल्या घरांत वाक्वा आणि कास्काव्हेल यांच्याइतकीच सरावाची झाली आहेत. कोणाचा मुलगा तेथे हॉटेलात आहे, कोणाची सून विमान कंपनीत, कोणाचा जावई दुकानात. सुट्टीवर येणाऱ्याने काय काय आणावे याची यादी दोन महिने आधीच तयार होते. अशाच एका यादीवरून आमच्या आप्तांत या वर्षी वाद झाला. आमचा भाचा दुबईत एका हॉटेलात नोकरीस आहे. त्याच्या १४ वर्षांच्या धाकट्या बहिणीला इलेक्ट्रिक गिटार हवी आहे. भाच्याबरोबर काम करणारा एक फिलिपिनो गृहस्थ नोकरी संपवून मायदेशी निघाला आहे व आपली गिटार निम्म्या किमतीत देण्यास तयार आहे. ती घ्यावी असे मुलाला वाटते. आमच्या ताई मात्र ऐकायला तयार नाहीत. "माझ्या मुलीला लोकांची उतरलेली वस्तू नको. घ्यायची तर दुकानातून, खोक्यासकट घे, नाहीतर घेऊच नको," असे त्यांनी मुलाला फोनवर स्पष्ट सांगितले.

मग दोघांनीही आम्हांला विचारले. शिक्षकाला सगळे ठाऊक असते असा आपल्या लोकांचा जुना समज आहे, तो आम्ही कशाला मोडावा? शिवाय शाळेच्या वाद्यवृंदाची व्यवस्था काही वर्षे आमच्याकडे असल्यामुळे गिटारी घेणे, दुरुस्त करविणे आणि मुलांच्या हातून सोडवून घेणे या तिन्ही कामांचा आम्हांला सराव आहे. हा प्रश्न उद्या दुसऱ्या घरांतही येईल, म्हणून आमचे मत येथे मांडतो.

ताईंचा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेत नाही. साखरेच्या कोठीवर राबलेल्या आपल्या आजा-पणजांच्या वाट्याला पुष्कळ वस्तू दुसऱ्याने टाकलेल्या अशाच आल्या. आपल्या मुलांना तरी नवे मिळावे ही इच्छा त्यातूनच आलेली आहे. परंतु वाद्याची गोष्ट कपड्यासारखी नसते. झाकरीसाठी आपण ढोलकी काढतो, तेव्हा ती कोणाच्या आजोबांची आहे हे अभिमानानेच सांगतो. महाराष्ट्रात सांगली जिल्ह्यातील मिरज हे गाव सतार व तानपुरा यांच्यासाठी प्रसिद्ध आहे. या वाद्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. तेथला चांगला बोलणारा जुना तानपुरा गवयाच्या घरात पिढ्यान् पिढ्या जपला जातो. आता स्वस्त इलेक्ट्रिक गिटारीला आम्ही तानपुऱ्याच्या पंक्तीला बसवीत नाही. ती कारखान्यात ढिगाने तयार होणारी वस्तू आहे, आणि वयाबरोबर तिचा आवाज गोड होत जातो असे कोणी विकणारा सांगू लागला तर ते कानाआड करावे. पण ती झिजतेही सावकाश. भरीव लाकूड, सहा तारा, तारांखाली चुंबकाचे पिकअप आणि थोडी वायर, एवढाच तिचा संसार. नीट वापरलेली दहा वर्षांची गिटार शिकाऊ मुलीला नव्याइतकीच उपयोगी पडते.

अमिरातीत तर जुन्या गिटारीची गोष्ट इतर देशांहून अधिक पटण्यासारखी आहे. तेथे राहणाऱ्या दहा माणसांतली जवळजवळ नऊ माणसे बाहेरच्या देशांतून आलेली असतात आणि बहुतेकांचे राहणे नोकरीला बांधलेले असते. नोकरी संपली की व्हिसा रद्द होतो आणि देश सोडण्याची मुदत सुरू होते. पूर्वी ती साधारणपणे ३० दिवसांची असे. २०२२ च्या नव्या नियमांनंतर काही वर्गांना अधिक दिवस मिळतात. तेवढ्यात घर रिकामे करायचे, मुलांचे दाखले घ्यायचे, सामान विकायचे. २००९ च्या मंदीत व २०२० च्या साथीत कितीतरी कुटुंबे अशीच निघाली. त्यामुळे जुन्या सामानाचा व्यापार तेथे बारा महिने चालतो. डुबिझल या नावाची जाहिरातींची सेवा दुबईत २००५ साली त्यासाठीच निघाली आणि आजही घरोघरी वापरली जाते. येथे विकायला येणारी गिटार वाजवून वाजवून झिजलेली असते असे समजू नये. हौसेने घेतलेली, तीन महिने वाजविलेली आणि मग कपाटावर ठेवलेली, अशीच पुष्कळदा असते.

नव्याच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे. दुबईत मेलडी हाऊस, थॉमसन म्युझिक अशी वाद्यांची जुनी दुकाने आहेत. शिकाऊ माणसासाठी यामाहाची पॅसिफिका किंवा फेंडर कंपनीची स्क्वायर या गिटारी बहुतेक ठिकाणी सुचविल्या जातात, आणि सूचना वाईट नाही. पॅसिफिका १९९० पासून निघते. स्क्वायर हे मूळचे तारा बनविणाऱ्या कारखान्याचे नाव. फेंडरने तो कारखाना १९६५ साली घेतला व १९८२ पासून त्या नावाने स्वस्त गिटारी काढल्या. (यामाहाचे संस्थापक तोराकुसु यामाहा यांनी १८८७ साली आपल्या हार्मोनियमच्या जातीच्या ऑर्गनपासून सुरुवात केली होती, हे जाता जाता सांगतो. ज्यांना गिटार परकी वाटते त्यांनी आपल्या भजनातली पेटी कोठून आली याचाही विचार करावा.) दुकानात वस्तू बदलून मिळते, पावती मिळते, हमी मिळते. समजा, गिटार १००० दिरहमची असेल तर २०१८ पासून लागू झालेल्या ५ टक्के करापोटी त्यांतले ५० दिरहम जवळजवळ सरकारचेच असतात. पण मनाच्या शांतीसाठी तेवढे कोणीही देईल.

पण ही हमी कोणासाठी? गिटार मॉरिशसला येणार. सहा महिन्यांनी आवाज खरखरू लागला तर ताई ती घेऊन विमानाने दुबईला जाणार आहेत काय? ज्या हमीसाठी आपण जादा पैसे मोजतो ती विमानतळावरच मागे राहते. दुबईत राहून दुबईतच वाजविणाऱ्याला नव्याचा जो लाभ आहे तो सगळाच्या सगळा आपल्याला मिळत नाही, आणि या वादात आम्हांला सर्वांत वजनदार वाटलेला मुद्दा हाच. दुसरे असे की नवी गिटार दुकानाबाहेर पडली की त्याच दिवशी जुनी होते. वर्षभरात मुलीची हौस फिटली (हे होते, शाळेत आम्ही दरवर्षी पाहतो) तर नवीवर मोठी खोट बसते. जुनी गिटार मात्र घेतली त्याच्या आसपासच्या किमतीला पुन्हा विकली जाते.

तेव्हा आमचे मत जुनीच्या बाजूने आहे. परंतु हातात घेऊन पाहिल्याशिवाय नव्हे. छायाचित्रावरून गिटार घेणे म्हणजे पत्रिकेवरून नवरा निवडण्यासारखे आहे. काय पाहावे ते भाच्याला आम्ही सविस्तर लिहिले. दांडी डोळ्यासमोर धरून बंदुकीच्या नळीसारखी न्याहाळावी. ती किंचित खोलगट असेल तर चालेल, कारण आतली लोखंडी सळई पिळून तो बाक सरळ करता येतो. पण दांडीला पीळ पडला असेल किंवा सळई फिरतच नसेल तर नमस्कार करून परत यावे. मग प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर दाबून वाजवावी. कोठे झणझण होते, कोठे सूर मुका पडतो, हे ध्यानात येते. पडद्यांवर तारांनी खोल खाचा पाडल्या असतील तर पडदे बदलावे लागतात, आणि स्वस्त गिटारीचे पडदे बदलण्याचा खर्च गिटारीच्या किमतीलाच जाऊन भिडतो. बाराव्या पडद्यावरचा सूर मोकळ्या तारेच्या बरोबर वरच्या सप्तकात लागला पाहिजे. थोडा फरक असेल तर घोडीवरचे स्क्रू फिरवून जुळतो. खुंट्या घसरतात का, आवाजाची बटणे फिरविताना खरखर होते का, वायर जेथे खुपसतात ती जागा सैल आहे का, हेही पाहावे. खरखर बहुधा धुळीची असते व साफ करून जाते. तिचा बाऊ करू नये, मात्र किंमत कमी करायला तिचा उपयोग होतो.

आखाताची म्हणून आणखी एक खास तपासणी आहे. तेथे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि घरात वातानुकूलन अहोरात्र चालते. बंद मोटारीत किंवा बाल्कनीत राहिलेल्या गिटारीची दांडी वाकते, डिंकाचे सांधे सुटतात. खोलीतल्या कोरड्या थंड हवेत लाकूड आकसते. पडद्यांचे धातू आकसत नाही, त्यामुळे पडद्यांची टोके दांडीच्या कडेने बाहेर येतात. कडेवरून बोट फिरविले की ती काट्यासारखी लागतात. थोडी असतील तर कानशीने घासून निघतात. म्हणून विकणाऱ्याला पहिला प्रश्न किती वाजविली हा विचारू नये, कोठे ठेवली होती हा विचारावा.

नव्याच्या मोहात पडणाऱ्यांना एक माहिती नसते. स्वस्त नवी गिटार खोक्यातून निघते तेव्हा पुष्कळदा तिच्या तारा दांडीपासून फार उंच असतात. मुलांची बोटे दुखतात, सूर लागत नाही, आणि "मला जमत नाही" असे म्हणून मूल बाजूला होते. आमच्या शाळेत अशी मुले आम्ही पाहिली आहेत. दोष गिटारीचा, पण मानून घेते मूल. म्हणून नवी घेतलीच तर दुकानदाराकडून तारा उतरवून, सूर जुळवून घेतल्याशिवाय दुकानाबाहेर पडू नये. फिलिपिनो गृहस्थाची गिटार या बाबतीत आधीच उजवी आहे, कारण तो स्वतः वाजविणारा आहे.

अॅम्प्लिफायरचे मात्र आम्ही वेगळे सांगितले. तो छोटा व नवाच घ्यावा. जुन्या अॅम्प्लिफायरच्या पोटात काय बिघडले आहे हे आपल्यासारख्यांना कळत नाही. अमिरातीत आपल्यासारखीच सुमारे २३० व्होल्टची वीज व इंग्रजी तीन खिळ्यांचा प्लग असतो, तेव्हा तेथला अॅम्प्लिफायर येथे सरळ चालतो. परंतु मायदेशी निघालेला माणूस अमेरिकेहून किंवा जपानहून आणलेला विकत असेल तर मागची पट्टी वाचावी. १०० किंवा १२० व्होल्टचा अॅम्प्लिफायर आपल्या भिंतीला लावला तर पहिल्याच दिवशी धूर निघेल.

ज्याला गिटारीतले काही कळत नाही आणि ज्याच्याबरोबर येणारा जाणता मित्रही नाही, त्याने मात्र खुशाल नवी घ्यावी. तसेच जाहिरातीत कोणी अगदी कवडीमोलाने "फेंडर" देऊ करीत असेल तर दहा पावले दूर राहावे. डोक्यावर नाव चिकटविणे अवघड नसते.

किमतीविषयी भाच्याशी आमचे थोडे वाजले. तो म्हणाला, "मामा, त्याला पुढच्या आठवड्यात जायचेच आहे, थांबलो तर आणखी खाली येईल." व्यवहार म्हणून हे खरे आहे, पण ते आम्हांला रुचले नाही. नोकरी गेलेल्या माणसाच्या विमानाच्या तारखेवर डोळा ठेवून त्याची गिटार ओढून घेणे हे आपल्या घरात शोभत नाही. उद्या हाच मुलगा आपले सामान विकायला बसेल तेव्हा समोरच्याने काय करावे असे त्याला वाटेल? खरखर, खाचा, गंज दाखवून जे कमी होईल ते करावे. त्यापुढे घासाघीस नको. पैसे देताना साध्या कागदावर दोघांची नावे, रक्कम व तारीख लिहून घ्यावी. येथे कस्टमने किंमत विचारली तर दाखवायला काहीतरी हवे.

आणण्याचा प्रश्न सोपा आहे. या जातीच्या बहुतेक गिटारींची दांडी चार स्क्रूंनी जोडलेली असते. तारा सैल करून स्क्रू काढले की दोन तुकडे कपड्यांत गुंडाळून बॅगेत बसतात. येथे आल्यावर आपल्या दमट हवेत लाकूड पुन्हा थोडे फुगेल. ते चारआठ दिवस निवू द्यावे आणि मगच सळई फिरवून, तारा बदलून गिटार लावून घ्यावी.

ताईंचे समाधान अजून पुरते झालेले नाही. मुलीला खोके उघडण्याचा आनंद मिळणार नाही, एवढे त्यांचे म्हणणे उरले आहे, आणि ते खोटे नाही. त्यावर भाच्याने तोड काढली आहे. गिटार जुनी, पण अॅम्प्लिफायर, पट्टा, वायर आणि तारांचे तीन संच नवे, दुकानाच्या खोक्यासकट. वाचलेल्या पैशांत येथल्या गिटार शिक्षकाची काही महिन्यांची फी होते, असा हिशेब आम्ही ताईंना कागदावर करून दिला आहे. कागद त्यांनी ठेवून घेतला. शनिवारी भाचा एका वाजविणाऱ्या मित्राला घेऊन गिटार पाहायला जाणार आहे.