सत्याची कसोटी आणि सत्तेची मुदत

माओ त्से-तुंग यांच्या निधनानंतर चीनने आर्थिक धोरण बदलले, असे सर्वसाधारणपणे म्हटले जाते. वस्तुतः त्याआधी विचारपद्धती बदलली होती. ११ मे १९७८ रोजी 'ग्वांगमिंग' दैनिकातील एका लेखाने, प्रत्यक्ष व्यवहार हीच सत्याची एकमेव कसोटी होय, असे प्रतिपादन केले. परिभाषा मार्क्सवादाचीच होती; परंतु नेत्याचे वचन म्हणजे सत्य, या समजुतीच्या मुळावरच तो घाव होता.

या कसोटीच्या अभावाची किंमत चीनने आधीच मोजली होती. १९५८ साली सुरू झालेल्या 'मोठ्या झेपे'च्या काळात वरिष्ठांना रुचतील असे धान्योत्पादनाचे फुगवलेले आकडे खालून वर जात राहिले आणि त्यांवरच सरकारी वसुली ठरत गेली. १९५९ मध्ये संरक्षणमंत्री पेंग द-ह्वाय यांनी माओंना पत्र लिहून चुका दाखविल्या. त्यांचे मंत्रिपद गेले. मोहीम चालूच राहिली. दुष्काळात कोट्यवधी माणसे मृत्युमुखी पडली.

हा दोष व्यक्तीचा की व्यवस्थेचा? ऑगस्ट १९८० मधील भाषणात देंग श्याओ-पिंग यांनी सत्तेचे अतिकेंद्रीकरण आणि तहहयात अधिकारपदे यांवर बोट ठेवले. १९८२ च्या राज्यघटनेने राष्ट्राध्यक्षपदाला लागोपाठ दोन कार्यकाळांची मर्यादा घातली. पक्षाचे सरचिटणीसपद आणि लष्करी आयोगाचे अध्यक्षपद, ही सत्तेची खरी स्थाने, मात्र तिच्याबाहेरच राहिली. ११ मार्च २०१८ रोजी ती अपुरी मर्यादाही रद्द झाली. विरोधात दोन मते पडली. मार्च २०२३ मध्ये शी जिनपिंग तिसऱ्यांदा राष्ट्राध्यक्षपदी निवडले गेले, तेव्हा विरोधात एकही मत नव्हते.

दीर्घ पल्ल्याच्या नियोजनास स्थिर नेतृत्व हवे, असा युक्तिवाद यावर केला जातो आणि चीनच्या प्रगतीचा दाखला दिला जातो. पण त्या प्रगतीचा आरंभ कसा झाला? १९७८ मध्ये आन्ह्वे प्रांतातील श्याओगांगच्या शेतकऱ्यांनी, वरून आदेश नसताना, सामुदायिक जमीन कसण्यासाठी कुटुंबवार वाटून घेतली. तो प्रयोग यशस्वी झाला आणि राज्यकर्त्यांनी त्यापासून धडा घेतला. खालचे खरे वर पोहोचले, हेच त्या यशाचे मर्म होते.

मतभेद ही केवळ नैतिक चैन नव्हे. राज्यकारभाराची ती गरज आहे. ज्या सभागृहात विरोधी मत उरत नाही, तेथे राज्यकर्त्याला निष्ठा भरपूर मिळते. माहिती मात्र मिळत नाही.