बोअरचा वाद आणि चांदमारीचे मैदान

पोलिसांच्या कमरेला कोणत्या बोअरचे पिस्तूल असावे, हा वाद निघाला की तो लगेच गोळीच्या आकारावर घसरतो. गोळी जितकी जाड तितका गुन्हेगार लवकर आडवा होतो, असे छातीठोकपणे सांगणारे पंडित प्रत्येक खात्यात भेटतात. आमचे म्हणणे असे की, हा समज एकदा तपासून घ्यावा. कारण या समजापायी अमेरिकेसारख्या श्रीमंत देशाने जवळजवळ तीस वर्षे घालवली.

११ एप्रिल १९८६ रोजी मायामी येथे एफबीआयच्या आठ जणांची दोन दरोडेखोरांशी चकमक झाली. दोन अधिकारी ठार, पाच जखमी. एका दरोडेखोराला ९ मिमीची गोळी लागली होती. ती दंडातून छातीत शिरली आणि हृदयापासून इंचभर अलीकडे थांबली. तो गडी त्यानंतरही रायफल चालवतच राहिला. एफबीआयने ठपका गोळीवर ठेवला. मग १० मिमी आले. त्याचा धक्का अनेकांना सोसवेना, तेव्हा १९९० मध्ये तेवढ्याच जाडीचे पण आखूड काडतूस, ०.४० एस अँड डब्ल्यू, निघाले. पुढे २०१४ मध्ये एफबीआयच्याच प्रशिक्षण विभागाने लिहून दिले की, नव्या बनावटीच्या गोळ्यांत ९ मिमी, ०.४० आणि ०.४५ यांच्या जखमेत सांगण्यासारखा फरक उरलेला नाही. उलट ९ मिमीचा धक्का कमी आणि नेम अधिक चांगला. त्याच टिपणात एक कबुलीही होती. प्रत्यक्ष चकमकीत पोलिसांच्या शंभरातल्या ७० ते ८० गोळ्या लागतच नाहीत! न लागलेली गोळी ०.४५ ची असली काय आणि ९ ची असली काय, ती भिंतीत जाते, नाहीतर भलत्याच माणसात.

(तसे पाहिले तर ज्याला आपण अडतीस बोअर म्हणतो ती गोळीही मोजली तर ९ मिमीच्याच आसपास भरते. आकड्यांची जादू ही अशी.)

खेळाच्या मैदानावर याच्या उलटे चित्र दिसते. ऑलिंपिकच्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात ०.२२ चे, म्हणजे ५.६ मिमीचे काडतूस चालते. १० मीटरला तर ४.५ मिमीचा छर्रा. तिथे कुणाला आडवे करायचे नसते. २५ मीटरवरचे पाच सेंटीमीटरचे वर्तुळ भेदायचे असते. धक्का नाममात्र, काडतूस त्यातल्या त्यात स्वस्त, म्हणून हात बसेपर्यंत सराव करता येतो. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले ते याच प्रकारात.

आपल्याकडे ९ मिमी पिस्तूल सामान्य नागरिकाला बंदी असलेल्या बोअरमध्ये मोडते. ते पोलिसांकडे असते. पण ते वापरायला शिकवतो कोण? वर्षातून कितीदा चांदमारीला नेले, हा प्रश्न कुठल्याही हवालदाराला विचारून पाहा. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांच्या हातात तर फक्त लाठी होती आणि समोर एके-४७. त्यांच्या शौर्यापुढे आम्ही नतमस्तक आहोत. पण शिपायाच्या शौर्यावर विसंबून राहणाऱ्या व्यवस्थेला जाब कोण विचारणार?

आणि सराव म्हणजे केवळ नेम नव्हे. गोळी कधी झाडायची नाही, हेही त्यातच शिकवावे लागते. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात राज्य राखीव पोलिस दलाच्या गोळीबारात १० माणसे गेली. तिथे गोळी कोणत्या बोअरची होती, हे विचारण्यात काय अर्थ होता? चाप का ओढला गेला, हा प्रश्न होता.

तेव्हा नव्या पिस्तुलांच्या खरेदीआधी सरकारने सरावाच्या काडतुसांसाठी वेगळी तरतूद करावी. ९ मिमी परवडत नसेल तर आधी ०.२२ वर हात बसवून घ्यावा. आणि काडतुसे काही सातासमुद्रापलीकडून आणायची नाहीत. पुण्याला लागून खडकीत त्यांचा कारखाना १८६९ पासून उभा आहे.